पत्रिकेतली मोकळी जागा

काल घरी एक लग्नपत्रिका आली. नावांनी नुसती गच्च भरलेली, बोट टेकवायला जागा नाही. मला हसू आलं आणि कम्युनिटी कॉलेजातला आमचा ग्राफिक्सचा वर्ग आठवला.

हे गेल्यावर मी त्या कोर्सला नाव घातलं. वर्गातली सगळी मुलं माझ्या लेकीच्या वयाची, मला काकू म्हणायची. लेकीचं लग्न ठरलं होतं, म्हणून सरावाला तिचीच पत्रिका घेतली. निमंत्रकांत दीर, चुलत दीर, नणदांचे यजमान, कुणाला म्हणून सोडलं नाही. शेजारची पोरगी म्हणाली, "काकू, ही पत्रिका की मतदारयादी?" सर म्हणाले, "एकच नाव ठेवा. कागद जरा मोकळा सोडा."

आता एकच म्हणजे कुणाचं? आमच्याकडे विधवेचं नाव निमंत्रकांत घालत नाहीत हो. मी पडद्यावरची नावं एकेक पुसत गेले आणि उरलेल्या पांढऱ्या जागेत माझं लिहिलं. केवढं दिसलं ते! नाव दिसायलाही भोवती थोडी मोकळीक लागते, हे मला तेव्हा कळलं.

तीच पत्रिका छापून आणली. धाकट्या दिरांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "वहिनी, यात आम्ही कुठे?"

"सर म्हणाले, कागद मोकळा हवा," मी म्हटलं.

त्यांनी माझं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग आत बघून जावेला म्हणाले, "अगं, हळदकुंकू आण. पत्रिकेला बोटं लावायची राहिलीत."