शिडाचा दोर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही. नागऱ्याच्या महादेवासमोर मनातल्या मनातही नाही — तिथं तर मी डोळे मिटायचंच टाळतो. मला आता सेहेचाळिसावं वर्ष चालू आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सांगता येईल.

मी तलावावरचा मिस्त्री. पोवाराच्या घरातला, पण शेती थोरल्या भावाकडं. माझा हात लाकडावर बसलेला. नाताळात पाटबंधाऱ्याचे साहेब तलावावरच्या बंगल्यात मुक्कामाला येत, जंगलखात्याचेही येत. दोघांच्या दोन लहान शिडाच्या नावा. दरसाल शर्यत — बांधापासून पलीकडच्या मोहाच्या झाडांपर्यंत आणि परत. त्या साली साहेबांना लहर आली: आपण काठावर बसायचं, नावेत एकेकटा नावाडी. आमच्या, म्हणजे पाटबंधाऱ्याच्या नावेवर सोनबा ढिवर.

सोनबाचं आधी सांगायला हवं. तो मोहाची प्यायचा, गावाला ठाऊक होतं. पहिलं पोर गेलं. दुसरं झालं तेव्हा नागऱ्याला जाऊन, त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली. मग थेंब नाही. त्याची बायको भागरता बाजारात चारचौघींत हे सांगायची, हसून.

तर — दोर. एका हाती सुकाणू, दुसऱ्या हाती शिडाचा दोर. वारा वाढला की तळवा सोलून निघतो. मी युक्ती काढली. सागाच्या ठोकळ्याला अरुंद भोक पाडून दोर त्यातून ओवला. ओढला की रुतून बसायचा, झटका दिला की सुटायचा. जोराचा वारा आला की दोर सोडून शीड ढिलं करावं लागतं, नाहीतर नाव कलंडते. साहेबांचा विलायती दोर कुजला होता, म्हणून अंबाडीचा नवा वळला. साहेबांनी पाठीवर थाप मारली. त्या थापेवर मी किती दिवस जगलो!

सोनबानं ठोकळा बघितला आणि हसला. "का जी मिस्तरी, दोराले दावनीचा बैल काऊन केला? हातातच राहू द्या ना. वारा का सांगून येते?"

"तू मासोळ्या धर गा," मी म्हणालो. "लाकडाचं मले समजते."

आणि आता ते, ज्याच्याभोवती मी फिरतो आहे. आदल्या दिवशी मी एकटाच नाव घेऊन काठाकाठानं गेलो. शिंतोडे उडाले, दोर भिजला आणि ठोकळ्यात अडकला. झटका दिला — सुटेना. दोन्ही पाय रोवून ओढला तेव्हा कुठं सुटला. अंबाडी भिजली की फुगते. पावसाळ्यात बैलाच्या दाव्याची गाठ विळ्यानं कापावी लागते, आमच्याकडं शेंबडं पोरही हे जाणतं. मला कळलं नव्हतं असं म्हणू? कळलं होतं. पण ठोकळा काढला तर साहेब विचारतील, का काढला — मग काय सांगू? मी दोराला करंजीचं तेल चोळलं आणि स्वतःची समजूत घातली: उद्या पाणी शांत राहील.

राहिलं नाही. अर्ध्या तलावावर वारा आला. बांधावरून मला दिसत होतं — सोनबा झटके देत होता. एक. दोन. तीन. शीड ताठच. नाव उलटली तेव्हा त्याचा हात दोराच्या वेढ्यात होता. दुसऱ्या नावेनं त्याला काठाला आणलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

साहेब लालबुंद. बांधावरच्या सगळ्यांदेखत त्यांनी मला विचारलं, "पिया था क्या?" मी सोनबाच्या शेजारीच उभा होतो, हाताला फडकं गुंडाळत.

मी म्हणालो, "हां साहब. बास आ रही थी."

एवढंच वाक्य. ठोकळ्याकडं कुणी बघितलंही नाही.

सोनबा ओरडला नाही. "मिस्तरी, तुमी तं जवळच होते जी," इतकंच म्हणाला.

नावाड्याचं काम गेलं, ते सोडा. तीन बोटांनी जाळं फेकायलाही तो शिकला. पण शपथ? सोनबानं ती मोडली, असं गावानं मानलं. भागरतानंही मानलं. पुढच्या पावसाळ्यात ते पोर तापानं गेलं. त्याला उचलताना भागरता सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाली, "तूनंच खाल्लं माह्या लेकराले." सोनबानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

त्यानंतर तो खरोखरच प्यायला लागला. लोक म्हणाले, पाहा, आम्ही म्हणत नव्हतो? मीही मान हलवली. होय, तीही हलवली.

सोनबा मागल्या उन्हाळ्यात गेला. भागरता माहेरच्या गावी, दरेकशाकडं असते. मी तिला भेटलो नाही. भेटेन, असंही म्हणत नाही.

त्या दिवशी तो प्यायला नव्हता. मी त्याचा हात बांधत होतो. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. तलावाच्या पाण्याचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता.