अंबाडा

वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनाचे दिवस होते. आज बस धावली म्हणून उद्या धावेलच असं नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात हातानं चित्रं काढून छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म करत होते. त्यात कामावरून परतणारी बाई अंबाडा सोडून पुन्हा बांधते, एवढंच दृश्य काही केल्या जमत नव्हतं.

कुकटपल्लीहून कोठीला जाणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये एक बाई रोज दिसायची. जागा मिळाली की आकडा दातांत धरून केस सोडायची आणि खिडकीबाहेर बघत निवांत अंबाडा वळायची. मी चोरून तिला रेखाटायचे.

एकदा तिनं माझे कागद पाहिले. "मेरेकूच कागजपे उतार रहे क्या?"

मी घाबरत सगळं सांगितलं. उद्या बंद होता आणि फिल्म द्यायचे दिवस जवळ आले होते. ती हसली आणि सावकाश केस सोडू लागली. माझं चुकलं की अंबाडा पुन्हा सोडायची, पुन्हा वळायची. समोरच्या बायकाही बघत बसल्या.

नामपल्ली मागे पडलं तेव्हा मला आठवलं, ती तिथंच उतरते. "तुमचा स्टॉप गेला!"

"रोज तो वक्तपेच उतरती ना मैं," ती म्हणाली, "आज तुम्हारा काम होने दो."

कोठीला उतरून ती परतीच्या बसकडे गर्दीत शिरली. पुढं बरेच दिवस बसच बंद राहिल्या आणि ती पुन्हा भेटली नाही. फिल्म मात्र झाली. आभाराच्या पाटीवर, शिक्षकांच्याही आधी, मी लिहिलं : 'माझ्यासाठी स्वतःचा स्टॉप सोडून पुढं आलेल्या बाईंना.'