कात्रीबाईंची साक्ष

बाईंना सगळे कात्रीबाई म्हणत. आपण शिवणकाम करतो म्हणून, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात हातातली कात्री दुकानात राहायची आणि तोंडातली कात्री बाई सगळीकडे बरोबर घेऊन फिरायच्या.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी मशीन, भिंतीला उंच आरसा, कोपऱ्यात पडदा. माप देताना हात वर करून उभं राहिलं की माणूस मनातलंही देऊन जातो. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाचं ठरलेलं लग्न का मोडलं, सगळं त्या पडद्यामागे बाईंच्या कानावर यायचं, आणि कानावरून जिभेवर यायला त्याला फार चालावं लागत नसे.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी जिभेवर उपदेश केला. बाईंना तो फार आवडला. नणंद नीट ऐकते आहे ना, हे बघायला त्यांनी मान वळवली, तर गायकवृंदात बसलेली नणंद त्यांच्याकडेच बघत होती. दोघींनी एकदम माना समोर केल्या.

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला विचारलं, "मी जास्त बोलते का हो?"

नवरा निवृत्त पोस्टमन, मोजकं बोलणारा. तो बुटाची नाडी सोडत बसला.

"काहीतरी विचारलं मी."

"ऐकलं. कुठून सुरुवात करावी ते बघतोय."

बाईंना लागलं. दुपारी त्यांनी मशीनवर डोकं टेकून प्रार्थना केली, की यापुढे दुसऱ्याची गोष्ट तोंडातून काढणार नाही. प्रार्थनेला आपलाही हातभार असावा म्हणून काम करताना ओठांत टाचण्या धरून ठेवायचं ठरवलं. ओठांत टाचण्या असल्या की फक्त "हूं" म्हणता येतं. तो आठवडा गिऱ्हाइकांनी "हूं"वर काढला. घर इतकं शांत झालं, की नवरा येऊन त्यांच्या कपाळाला हात लावून गेला.

मग नणंद आली. तिच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं आणि लग्नात घालायला बाईंनी नणंदेसाठी शिवलेला ड्रेस तिला कंबरेत बसत नव्हता. दुकानात एक नर्स आपल्या गणवेशासाठी थांबली होती. तिच्यादेखत नणंद म्हणाली, "वहिनी, मी कापड भरपूर दिलं होतं. उरलेलं गेलं कुठे?" आणि नर्सकडे वळून, "हिचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही."

बाईंनी टेप लावला. ड्रेस होता तसाच होता. नणंद तशी राहिली नव्हती. एका वाक्यात हिशेब मिटला असता, आणि ते वाक्य धार लावून तयार होतं.

'प्रभू, एकच,' बाईंनी मनात गयावया केली. 'लहानसं आहे. आणि खरंही आहे.'

परवानगी मिळाल्यासारखं काही वाटेना. बाईंचे कान लाल झाले. "हूं," त्या म्हणाल्या आणि टाचण्या हातात घेऊन एवढंच बोलल्या, "सैल करून देते."

नणंद गेल्यावर नर्स म्हणाली, "एवढं ऐकून घेतलंत? कमाल आहे तुमची."

बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि घोळ तिथेच झाला. आपण गप्प बसलो, हे कुणाला सांगितल्याशिवाय कळणार कसं? त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "बरं केलंस," म्हणून तो वर्तमानपत्रात शिरला. एवढ्या मोठ्या विजयाची "बरं केलंस"वर बोळवण त्यांना पटली नाही.

पुढच्या महिला प्रार्थनासभेत पाळकांच्या पत्नीने विचारलं, "प्रभूने आपल्यासाठी काय केलं, याची कुणाला साक्ष द्यायची आहे?" तिचं वाक्य संपायच्या आत बाई उभ्या होत्या.

"माझ्या नात्यातल्या एका बाईने माझ्यावर कापडचोरीचा आळ घेतला. नाव मी घेणार नाही. ती गाते. ड्रेस मी तिच्याच मापाने शिवला होता, आता तिची कंबरच ड्रेसच्या पुढे निघून गेली, त्याला मी काय करणार? हे मला बोलता आलं असतं. पण प्रभूने माझ्या तोंडावर हात ठेवला."

एकेक मान मागे वळू लागली. शेवटच्या बाकावर नणंद बसली होती. तिने पर्स उचलली आणि ती निघून गेली. प्रभूने तो हात जरा लवकर काढला, असं बाईंना वाटलं, आणि असं वाटल्याची लगेच लाजही वाटली. पाळकांच्या पत्नीने घाईघाईने गीत सुरू केलं. सूर देणारी निघून गेल्यामुळे ते इतक्या वरच्या पट्टीत लागलं, की दुसऱ्या कडव्यात सगळ्यांचेच आवाज बसले.

घरी येऊन बाईंनी तो ड्रेस उसवला, सैल केला, इस्त्री केली.

"मी येऊ का बरोबर?" नवऱ्याने विचारलं.

"नको. तुम्ही असलात की मी तुमच्याशीच भांडत बसेन."

नणंदेने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. "साक्ष राहिली होती का अजून?"

"माफी मागायला आले. चारचौघींत मी तुझी कंबर काढली."

"खरंच काढली असतीस तर उपकार झाले असते."

'पण तू मला चोर म्हणालीस' हे वाक्य बाईंच्या ओठांपर्यंत आलं. या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. इतकं छोटं वाक्य त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात.

नणंदेने ड्रेस घेतला, दारातून बाजूला होऊन वहिनीला आत येऊ दिलं आणि ड्रेस घालून पाहिला. अगदी बेतशीर बसला. तिने कंबरेची शिवण उलटून बघितली. "हे कापड कुठलं?"

"तुझंच. शिवणीच्या आत माया सोडली होती. नेहमीच सोडते, पुढे लागते म्हणून."

नणंद पलंगावर बसली. "मला माहीत होतं, वहिनी. घरात आरसा आहे माझ्या. पण आरशाशी भांडता येत नाही, म्हणून तुझ्याकडे आले." मग डोळे पुसून ती चहा ठेवायला उठली.

चहा ओतताना तिला राहवेना. "पण ते गीत काय लावलं गं पाळकांच्या बायकोने, बाहेर रस्त्यावर ऐकू येत होतं. तुला एक सांगू का तिच्याबद्दल?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग ओढलेली खुर्ची मागे सरकवली. "आज नको."

"बरं."

बाईंनी चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली.

"फार मोठी गोष्ट आहे का?" बाईंनी विचारलं.

"तशी लहानच आहे."

"तरी नको," बाई म्हणाल्या, आणि दोघींनी चहा संपवला, जरा घाईघाईनेच.