वरातीत ऐकू आलेली गिटार

भिगवणच्या कुंडलिकतात्यांनी आयुष्यभर पाण्याच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त केले. गिटार त्यांना वाजवता येत नाही. तरी बँजो पार्टीत गिटार वाजवणाऱ्या पुतणी प्रगतीसाठी त्यांनी स्टार्टरच्या लोखंडी डब्यात फझ पेडल बनवलं. पायानं दाबलं की गिटारचा आवाज फाटून घुमतो, असं ते यंत्र. दुकानातल्या स्पीकरवर ते फार गोड वाजलं. त्यांच्या दुकानात माझी रोजची बैठक; मीही मान डोलावली. मला त्यातलं फारसं कळत नाही.

बावड्याच्या वरातीत मात्र ढोल-ताशापुढे गिटार पार बुडाली. बँजो पार्टीचे मालक हिंदुराव म्हणाले, "पोरगी दिसली, पण ऐकू आली न्हाय. पुढच्या सरावात ऐकू आली तर ठेवतो, न्हायतर आपला बँजोच बरा."

प्रगती रडवेली झाली. तात्या सोल्डरिंग गन घेऊन थेट सरावाला गेले. भोंगे लावलेल्या टेम्पोपासून तीस पावलं लांब, जिथं वऱ्हाडी नाचतात तिथं, उभे राहिले. मी शेजारी.

"टोनचं बटण डावीकडं फिरव. आता उजवीकडं. आता मधी," ढोल-ताशा चालू असतानाच तात्या प्रगतीला ओरडून सांगत होते.

डावीकडचा घुमारा ढोलात मिसळला. उजवीकडची किणकिण ताशात हरवली. मध्ये तर काहीच उरेना.

"चूक माझी," तात्या म्हणाले. "बंद दुकानात ऐकून जुळवलं. वाजायचं हाय रस्त्यावर, भोंग्यातनं. मधलाच आवाज मी काढून टाकला."

टेम्पोपाशी जाऊन त्यांनी डबा उघडला. बटणाजवळचा बारका कपॅसिटर काढून जुन्या रेडिओतला जरा मोठा बसवला. प्रगतीनं तार छेडली. पत्रा ओरबाडल्यासारखा आवाज आला.

"ह्यापरीस आधीचा बरा व्हता की, तात्या! नवरदेव घोड्यावरनं उडी मारंल," हिंदुराव हसले.

मलाही तसंच वाटलं. तात्यांना नाही. "नुसतं मीठ चाखल्यावर खारटच लागायचं. ढोल सुरू करा, मग बोला."

आम्ही पुन्हा तीस पावलं मागं आलो. ढोल सुरू झाला, ताशा कडाडला. आणि त्या गदारोळातून गिटारचा सूर न् सूर सरळ आमच्यापर्यंत आला. आमची तोंडं बघूनच प्रगतीला ते कळलं.

"अवो मालक, माझं मलाच ऐकू यीना!" बँजोवाला रतन ओरडला.

हिंदुरावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "पोरी, रविवारी पिंपळीची वरात हाय. टेम्पो आठला निघंल."

तात्या डब्याचे स्क्रू आवळत होते. "आवाज जरा खाली घे," ते प्रगतीला म्हणाले, "रतनलाबी जगू दे."