दुसरं दाखव

समोरच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळ चाचपायचा, मूठभर पाला वर काढून हुंगायचा आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "हे तं आलं. दुसरं दाखव." आमच्या मोहल्ल्यातल्या मोठीबाई मला अशाच आठवतात.

मोठीबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. वयानं आणि आवाजानं सगळ्यांहून मोठ्या, म्हणून सारे तसंच म्हणत. यजमान कचेरीत कारकून. ते साहेबाला भीत नसत इतके ह्यांना भीत. तुमच्याही आळीत अशी एखादी असेलच, पाहा आठवून.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरलेलं-पेरलेलं चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या दिवशी हिंदी मुलखातल्या बालाघाट गावच्या आम्हा मराठी बायकांचा उपास मोठीबाईंच्या अंगणात सुटायचा. पितळेचा मोठा गंज चुलीवर चढायचा. प्रत्येकीनं त्यात टाकायला रानची एक भाजी आणायची, पण दुसरीनं आणली नसेल अशी. कुणी तळ्याच्या पाळीवरची गुलाबी तुऱ्याची कुंजर आणी, कुणी वैनगंगेच्या काठची घोळ, कुणी केना, कुणी पातूर. जिची भाजी आधी येऊन गेलेली, तिची पाठवणी. लग्न होऊन आले त्या साली मला सारख्या परत पाठवत होत्या. शेवटी त्यांच्याच न्हाणीमागची खापरखुटी उपटून त्यांच्यापुढे धरली. तेव्हा कुठे हसल्या. म्हणाल्या, "आता तुले खाली पाहता येऊन राह्यलं."

एकदा एका नव्या सुनेनं बाजारचा पालक बारीक चिरून खपवायला पाहिला. मोठीबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवला. "याले कोणीतरी पाणी पाजलं हाय," म्हणाल्या आणि टोपली गाईपुढे उलटी केली. सून रडली. गाय खूश.

मग पाऊस हरवला. एक साल, त्याला लागून दुसरं. तळं तळापासून तडकलं. जे चार कोंब वर येत ते बी धरायच्या आधीच गुरं खात, आणि गुरांच्या आधी माणसं. कंद, मुळ्या, जे हाती लागेल ते खणून नेलं लोकांनी. भुकेल्याला काय बोलायचं? त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग आहे तो नंतर पोट भरल्यावर बोलणाऱ्यांवर.

तिसऱ्या साली पाऊस आला तो धो धो. पाळ, पडीक, नदीकाठ, सगळं कमरेएवढं हिरवं. लोक म्हणाले, सुटलो. यजमानांनी हौसेनं हाक मारली, "पाह्य वं, कसं हिरवंगार झालं." मोठीबाई पाहून आल्या त्या तापूनच. "हिरवं नाही थे. तरोटा हाय." तरोटा म्हणजे टाकळा; एकदा पसरला की दुसऱ्या कशाला उगवू देत नाही.

पंचमीला आम्ही टोपल्या घेऊन गेलो. पहिलीत तरोटा. दुसरीत तरोटा. माझ्यात तरोटाच, तोही भादव्यातला, जून आणि कडू. शेवटच्या टोपलीत मोठीबाईंचा हात बराच वेळ राहिला. "दुसरं दाखव," त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा खेळ नव्हता. एकजण धीर करून म्हणाली, यंदा एवढंच चालवून घ्या मोठीबाई, पाऊस तर आला, हिरवं ते हिरवंच.

"तुह्या घरचे सारे गेले अन् एकाच दिराचं खटलं वाढलं," मोठीबाई म्हणाल्या, "तं घर भरलं म्हणशीन काय?"

गंज त्यांनी पालथा घातला. आम्ही घरी जाऊन काहीबाही खाल्लं. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्यानंतर त्या बसनं परसवाड्याकडे जाऊ लागल्या. तिकडच्या डोंगरात अजून थोडंफार उरलं होतं. येताना ओल्या फडक्यात मुळांसकट कुंजर. कंडक्टरला वाटलं, बाई मोहाची दारू नेते. त्यानं विचारलं, पोटली में क्या है? ह्या म्हणाल्या, "मिट्टी. खाओगे?" ती कुंजर त्यांनी तळ्याच्या पाळीवर जुन्या जागी लावली, आणि पुढल्या पावसात ती तुऱ्यावर आली. मी पळतच सांगायला गेले, मोठीबाई, आता गंज चढवा.

"काहून?" त्या चिडल्या. "म्या लावली थे. लावलेलं ऋषीले कसं चालन? तिच्या मनानं दुसरीकडे उगवू दे, मंग पाहू."

आपणच केलेल्या कामानं त्या अशा अडकल्या होत्या. लावली नसती तर ती पाळीवर नसतीच, आणि लावली म्हणून गंजात जात नाही. भोवतालचा तरोटा तिला हलू देईना. तो उपटायला मी वाकले तर हातावर चापट बसली. "निंदलं म्हणजे शेती झाली," म्हणाल्या. मग दोघी नुसत्याच बघत बसलो, मी कुंजरीकडे, त्या तरोट्याकडे. असं पाहत होत्या जणू तो त्यांचं घर बळकावून बसला आहे.

पुढला पावसाळा त्यांनी पाहिला नाही. उन्हाळ्यातच गेल्या. गंज शेवटपर्यंत पालथा होता.

आता त्याच अंगणात त्यांची सून पंचमी करते. गंज चढतो, त्यात बाजारची मेथी, पालक, चवळी, सगळं पाणी पाजलेलं. मी बोलले, तर सगळ्याजणी म्हणतात, भाव महत्त्वाचा. भाव! आणि शहाणी माणसं तळ्याच्या पाळीकडे बोट दाखवून सांगतात, बघा, दुष्काळाची खूणसुद्धा उरली नाही. अहो, तो तरोटा कमरेएवढा उभा आहे, तीच तर खूण. कुंजर कुठं आहे? पातूर कुठं आहे? विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतात, जणू मी मेलेल्या माणसांची नावं घेते.

यंदाच्या पंचमीला मी त्या अंगणात गेले नाही. रिकामी टोपली घेऊन पाळीवर गेले. मोठीबाईंनी लावलेली कुंजर होती तिथंच होती, तेवढीच. तिथून दूर, पाळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मी खाली बसले आणि तरोट्यात कोपरापर्यंत हात घातला. बुडाशी चाचपलं, मूठभर वर काढलं, हुंगलं.

हे तर आलं.

पुन्हा हात घातला.