धावपट्टीवरची शिकवणी

विमान थांबवणारा माणूस म्हणजे मी. हवेत नव्हे, जमिनीवर. विमान उतरून इमारतीकडे वळलं की त्याच्या नाकासमोर दोन नारिंगी बॅटी घेऊन उभं राहायचं, हात हलवत त्याला पुढे बोलवायचं आणि बॅटींची डोक्यावर फुली केली की वैमानिकाने ब्रेक लावायचा. काम एवढंच. पण शंभर-सव्वाशे माणसं पोटात घेऊन आलेलं यंत्र आपल्या हाताच्या इशाऱ्यावर थांबतं, याचा डोक्यावर परिणाम होतो. माझ्या डोक्यावर झाला. विमानाला ब्रेक असतात आणि ते लावणारा शिकलेला माणूस आत बसलेला असतो, ही गोष्ट मी वीस वर्षं सोयीने विसरत आलो.

आमचा विमानतळ वर्षातले पाच महिने चालतो. समुद्रावर मजा करायला माणसं येतात तेवढेच दिवस. मग कॉफीच्या मशीनवर प्लास्टिक चढतं, सामानाचा पट्टा थांबतो, मॅनेजर शहरात निघून जातात आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे येतो. अर्ध्या पगारावर मी सात महिने गवत कापतो, कुलपं ओढून बघतो आणि उरलेल्या वेळात घरी बसून बायकोचं डोकं खातो.

बायको समुद्रावरच्या मोठ्या हॉटेलात खोल्या आवरते. तिचंही काम पाच महिन्यांचंच. गेल्या वर्षी हंगाम संपताना हॉटेलच्या मालकीणबाईंनी तिला बोलावून सांगितलं, "आपला गाडीवाला म्हातारा झालाय. किराणा आणायचा, चादरी धुवायला पोचवायच्या. काम बारा महिने आहे. पुढच्या हंगामात पहिलं विमान उतरेल त्या दिवशी लायसन्स घेऊन ये, नोकरी तुझी. नाहीतर मी दुसरं कुणी बघते." बारा महिन्यांचा पुरा पगार आमच्या घरात आजवर कुणी पाहिला नव्हता. बायको घरी आली ती पळतच.

माझी मोठी बहीण बेकरीचा टेम्पो चालवते. ती म्हणाली, "मी शिकवते हिला."

मी म्हणालो, "तू पाव पोचव, ताई. मी विमानं हलवतो."

ताई टेम्पो सुरू करून निघून गेली. ती वाद न घालता निघाली म्हणजे आपलं चुकलंय हे मला लहानपणापासून कळायला हवं होतं.

शिकवणी धावपट्टीवर सुरू झाली. दोन किलोमीटर सरळ डांबर. वळण नाही, खड्डा नाही, आडवा येणारा माणूस नाही. पक्षी हाकलायची जुनी जीप होती. मी रोज सकाळी लांब उभा राहून बॅटींनी तिला बोलवायचो. पहिला नियम सांगितला, "मधली पांढरी रेघ सोडायची नाही. रेघ दोन चाकांच्या बरोबर मध्ये." दुसरा नियम, "मी फुली करेपर्यंत थांबायचं नाही." बाई हुशार. पंधरा दिवसांत माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर जीप उभी करू लागली. मी न्हाव्याच्या दुकानात सांगून आलो की, शिकवणारा चांगला असला की असं होतं.

पहिल्या परीक्षेला मी सोबत गेलो आणि लायसन्सच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलो. परीक्षा घेणारे साहेब तिच्या शेजारी बसले, गाडी रस्त्याला लागली आणि चार मिनिटांत परत आली. साहेब उतरले ते आधी झाडाला टेकले.

"बाई, समोरून ट्रक येत होता!"

"हो ना. पण रेघ सोडायची नाही."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं कौतुक चाललंय. मी उठून हसलो.

दुसऱ्या वेळी रेघेचं प्रकरण मी निस्तरलं होतं. गाडी डावी बाजू पाळून शहाण्यासारखी फिरून आली. उरलं फक्त आखलेल्या चौकटीत उभी करणं. ती चौकटीच्या तोंडाशी आली आणि थांबून राहिली. साहेब म्हणाले, "लावा ना आत." ती समोर बघत राहिली. समोर कुणीच नव्हतं. गाडी आत घ्यायची तर समोर कुणीतरी उभं हवं, असंच तिला माहीत होतं. ते माझ्याने बघवेना. मी बाकावरची दोन वर्तमानपत्रं गुंडाळली, धावत गाडीसमोर गेलो आणि हात वर केले. गाडी काय सुरेख आत आली! मी फुली केली, ती थांबली. साहेबांनी कागदावर दुसरी फुली केली.

"गाडी यांनी लावली, बाईंनी नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "शिकवणारे तुम्हीच ना? तुमचं लायसन्स दाखवा बघू."

मी चारही खिसे चाचपले. "घरी राहिलं, साहेब."

आता सांगूनच टाकतो. माझ्याकडे लायसन्स नाही. कधीच नव्हतं. वीस वर्षांत मी जी काही गाडी चालवली ती कुंपणाच्या आत. कामावर सायकलने जातो आणि बायकोला सांगतो, तब्येतीला बरं असतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

तिसरी तारीख मिळाली ती पहिलं विमान यायच्या चार दिवस आधीची. त्यात नापास झाली की नोकरी गेली. त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरीवर गेलो. ताई टेम्पोत पावाचे ट्रे चढवत होती.

"ताई, तू शिकव तिला."

"विमानं हलवणाऱ्याला पाववाली कशाला लागते?"

"ताई, मी गाढव आहे."

"ते तू रांगत होतास तेव्हापासून माहितीये मला. उद्यापासून पाठव तिला."

अकरा दिवस ताईने तिला बाजारातून, शाळेसमोरून, बोळाबोळांतून फिरवलं. मी घरी बसून होतो. परीक्षेच्या सकाळी निघताना बायको म्हणाली, "तुम्ही येऊ नका हं." मी गेलो नाही. विमानतळ उघडला, कॉफीच्या मशीनवरचं प्लास्टिक काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं.

दुपारी फाटकात टेम्पो आला. चालवत होती बायको. शेजारी ताई पाव खात बसली होती. बायकोने काचेतूनच कागद फडकवला. पास!

मी फाटकाशी धावलो. ती खाली उतरली. आनंदाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "एक सांगायचं राहिलंय. माझ्याकडे लायसन्स नाहीये. कधीच नव्हतं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून. ताईंनीच सांगितलं होतं."

"मग पहिल्याच दिवशी ताईकडे का नाही गेलीस? नोकरी गेली असती ना!"

तिने कागदाची घडी केली. मग म्हणाली, "विमानतळ बंद झाला की तुम्ही अकरा-अकरा वाजेपर्यंत पांघरुणातून बाहेर येत नाही. दाढी करत नाही. ताटाकडे बघत बसता. दरवर्षी सात महिने मी ते बघते. यंदा सहाला उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मला शिकवायला उभे राहायचात."

"म्हणून दोनदा नापास झालीस?"

"दोनदा चाललं. तिसऱ्यांदा नसतं चाललं. तुम्ही गेला नसतात ताईंकडे, तर मी जाणार होते."

मला रडू आलं. भर दुपारी, विमानतळाच्या फाटकात, चाळिशी उलटलेला माणूस मी हुंदके देत उभा होतो. बायकोने पदराने माझं तोंड पुसलं आणि परत स्टिअरिंगवर जाऊन बसली.

ताईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "झालं असेल तर मागे चढ. पुढे जागा नाही."

मी मागे चढलो आणि ट्रे बाजूला सारून बसलो. टेम्पो हलला. बायको कशी चालवते ते मागून दिसत नव्हतं, आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही.