युवराजांचं कौतुक

कंपनीचा मालक तिच्या दिराच्याच वयाचा. पाठीमागे सगळे त्याला युवराज म्हणत. दुकानदारांना बिलांचं सॉफ्टवेअर विकता विकता कंपनी फोफावली, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसा त्याने वरचा मजलाही भाड्याने घेऊन टाकला. त्याने कधी कुणाच्या हाताखाली काम केलं नव्हतं. बोलणी खाणं ठाऊक नाही, मग माणसाला वाईट बातमी कशी द्यावी हे कुठून ठाऊक असणार? माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर परवडला असता.

ती तिथे तक्रार विभाग सांभाळायची. "ताई, घरातलं कुणी असेल तर आणा ना," असं तोच म्हणाला, म्हणून तिने दिराला आणलं. त्याने बँकेतली कायमची नोकरी सोडायला सासूबाईंचा सक्त विरोध होता. "मी आहे ना," असं ती बोलून बसली. तेव्हापासून सासूबाई तिच्याशी कामापुरतंच बोलत.

मग धंदा बसला आणि माणसं कमी करायची वेळ आली. एका दुपारी युवराजांनी तिला आत बोलावलं.

"ताई, तुमच्या दिरांशी बोललो. आज त्यांचा शेवटचा दिवस. पण किती छान घेतलं त्यांनी! जाताना मिठी मारली मला."

मिठी?

"तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

"म्हटलं, तुमची झेप मोठी आहे, ही जागा तुम्हाला लहान पडते. उद्यापासून इथे अडकून राहू नका."

"आणि नोकरी गेली, हे?"

"ते कळलंच की." मग त्याचा चेहरा उतरला. "कळलं असेल ना?"

"फोन लावा. आत्ता सांगा त्यांना."

"तुम्हीच सांगा ना, ताई. घरचं माणूस आहे. मला नाही जमायचं."

संतापाने ती पर्स उचलून निघाली.

घरात हसणं चाललं होतं. दिवस भरत आलेली जाऊ खुर्चीत बसून नवऱ्याचं बोलणं ऐकत होती. "वरच्या मजल्यावर बसवणार मला, बघच तू!"

सासूबाई उठून पुढे आल्या. त्यांनी तिचा हात धरला. "माझंच चुकलं गं. तू त्याचं भलंच केलंस."

"भाऊजी, तुमची नोकरी गेली," ती म्हणाली.

दीर हसला. "काहीतरीच काय, वहिनी! मालक स्वतः म्हणाले मला."

तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तेव्हा सासूबाईंनी हात काढून घेतला.